डब्यातला पुरावा

"हा कचऱ्याचा डबा रविवारपर्यंत कुणी रिकामा करायचा नाही," असं काकूंनी सकाळीच बजावलं आणि सगळ्यांचा चहा घशात अडकला.

निवृत्त झाल्यावर काकूंनी विद्यापीठात नाव घातलं होतं. विषय दोन, इतिहास आणि शाश्वत विकास. वर्गातली पोरं सोडाच, सरसुद्धा त्यांना काकूच म्हणत. काकांचं मत असं, की हे चार दिवसांचं खूळ आहे, परीक्षा जवळ आली की उतरेल. आता दोन्ही विषयांना मिळून एकच प्रकल्प होता : आठवड्याच्या कचऱ्यावरून आपल्या घराचा इतिहास लिहायचा. त्यात पास झालं तरच परीक्षेला बसता येणार होतं. काकूंनी कंबर कसली.

घोळ झाला तो तिथेच. आपण काय खाल्लं आणि काय टाकलं ते भर वर्गात वाचलं जाणार म्हटल्यावर घरातले सगळे एकदम शहाणे झाले. सून बिस्किटांची वेष्टणं पर्समध्ये कोंबून ऑफिसला नेऊ लागली. मुलगा बाहेरच जेवून येई. काका तर जेवण झालं रे झालं, की पिशवी घेऊन शतपावलीला. रविवारी डब्यात निघाली थोडी चहापत्ती आणि कांद्याची सालं.

विकासाच्या बाई हरखून गेल्या. इतकं आदर्श घर त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं म्हणे. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतिहासाचे सर मात्र चष्म्यावरून बघत राहिले.

"काकू, एवढं स्वच्छ घर बखरीतच असतं. खरा कचरा आणा, आणि तो तुमच्याच घरचा असं सांगणारा साक्षीदारही आणा. नाहीतर नापास करावं लागेल."

दुसरी कुणी असती तर डोळ्यांना पदर लावला असता. काकूंना काकांची पिशवी घेऊन निघणारी शतपावली आठवली; त्यांनी हातमोजे चढवले आणि शेजारणीची बेल वाजवली. तिचा डबा आठवडाभर का ओसंडतोय, या विचाराने ती बिचारी आधीच वैतागली होती. तिने तो आनंदाने काकूंच्या हवाली केला. तळाशी केकचे तीन खोके होते. आणि काकांना तर डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं.

जाब विचारल्यावर काका छताकडे बघू लागले. मग हळूच म्हणाले, "एवढं गाळ की. महिनाभर भांडी मी घासतो."

काकूंना मोह पडला, नाही कशाला म्हणा. पण इतिहासात असं चालत नाही, म्हणून त्यांनी खोके काखेत मारले.

सादरीकरणाच्या दिवशी नुसते सोडायला म्हणून आलेले काका मागच्या बाकावर अंग चोरून बसले. सरांनी विचारलं, हे खोके शेजारणीचेच कशावरून नाहीत? साक्षीदार कुठे आहे? काकूंनी मागे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते. पण माघार घ्यायची नाही हे काकूंचं ठरलेलं होतं.

"साक्षीदार नाही, सर. पण घरात गोड चोरून खावं लागतं ते एकाच माणसाला. तेव्हा तिन्ही खोके आमच्या ह्यांचे, असंच मी लिहिते."

काका ताडकन उठले.

"तीन कुठले? दोन माझे. तिसरा सुनेचा आहे, टाकताना मी स्वतः पाहिलंय तिला."

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि गुण मांडायला घेतले. आपण काय बोलून बसलो हे काकांना कळेपर्यंत काकूंनी त्यांची साक्ष शब्दन्‌शब्द उतरवून घेतली होती, आणि खाली सही करायला पेन त्यांच्या पुढे धरलं होतं.