खुर्चीतून तिसऱ्या मजल्यावर

तुम्ही कधी खुर्चीत बसल्या बसल्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून दमला आहात?

वर्तकनगरातल्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे सावंतकाका रोज चार वाजता दमतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. फिजिओथेरपीच्या स्नेहल मॅडमनी व्यायाम दिले आणि वर सांगितलं, "डोळे मिटून जिना चढल्याची कल्पनाही करा. पाय कुठे पडतो, भार कसा येतो, सगळं जाणवलं पाहिजे. मेंदूलाही सराव लागतो."

काका कचेरीतून निवृत्त झालेले. सगळं म्हणजे सगळं! डोळे मिटण्याआधी ते चपला घालतात. डावा हात हवेत कठडा धरतो. मी मध्ये बोललो की बोट वर करतात, "थांब रे, एक पाय वर आहे."

एकदा त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांना फोन लावला.

"तुमचं चपलांचं कपाट जिन्यात आलंय. काल दोनदा अडखळलो."

"काका, तुम्ही घरातून निघालातच कुठे?"

"मनात अडखळलो."

"मग मनातच सरकवा ना!"

"कपाट तुमचं. मी कसा हात लावू?"

मी पेटलो. जिना सगळ्यांचा आहे, कठडा दोन्ही बाजूंना हवा, असं खणखणीत पत्रक काढलं आणि प्रत्येक दाराखालून सरकवलं. कपाट हललं. काकांनी पत्रक दोनदा वाचलं.

"भाषा चांगली आहे. दारं वाजवलीस, की नुसतंच सरकवलंस?"

"सरकवलं."

"हं."

मग मीही विचारलं, "काका, तुम्ही तळमजल्यावर राहता. तिसरा मजला कशाला?"

"गुप्ते," ते म्हणाले.

काचबिंदूने गुप्त्यांची नजर गेली, तेव्हापासून काका रोज चार वाजता वर जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचे. फोनवरचं गुप्त्यांना धड ऐकू येत नाही. दोन महिन्यांचे पेपर काकांच्या खाटेखाली सुतळीने बांधून ठेवलेले होते. रद्दीवाल्याला हात लावू दिला नव्हता.

"रोज त्याच्या दारापर्यंत पोचतो बघ," काका म्हणाले. "पण दार उघडल्यावर तो काय बोलेल, ते काही मला रचता येत नाही. तिथून परत फिरतो."

दोन महिने मी त्याच इमारतीत होतो. ज्यांना दिसत नाही, त्या गुप्त्यांच्या दाराखालूनही मी पत्रक सरकवलं होतं.

त्या दिवशीचा पेपर घेऊन मी वर गेलो. गुप्तेकाकांनी भिंत चाचपत दार उघडलं.

"सावंत?"

"नाही काका, मी. सावंतकाका सध्या मनातल्या मनात चढतायत. रोज तुमच्या दारापर्यंत येतात."

त्यांनी दाराबाहेर हात काढून बेलचं बटण चाचपलं.

"मग बेल का वाजवत नाही तो गाढव?"

मी खाली जाऊन निरोप दिला. काकांनी डोळे मिटले, आणि बोट पुढे करून हवेतच दाबलं.

तुमच्या जिन्यातही असं एखादं शेवटचं दार असेल. काही सरकवू नका. आज चार वाजता पेपर घेऊन वर जा आणि बेल वाजवा.