ढब्बूचा कोट

हेवा नावाची गोष्ट आपल्या अंगाला कधी शिवलीच नाही, असं मास्तर सगळ्यांना छातीठोकपणे सांगत. "समोरच्या शिंप्याने दुकानाला काच बसवली, एसी लावला. मला काही वाटलं का? छे." हे बोलताना त्यांच्या हातातली कात्री जरा जास्तच जोरात चालायची, एवढंच.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. उभा जन्म दुसऱ्यांच्या लग्नाचे सूट शिवण्यात गेलेला. कितीतरी नवरदेवांची पोटं त्यांनी कोटाच्या आत बेमालूम दडवली होती. त्यांना एकुलती एक लेक. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. एके दिवशी तिथल्या कॅन्टीनच्या मागे तिला एक पिल्लू सापडलं आणि ती ते घरी घेऊन आली. तपकिरी रंग, आखूड पाय, लांबच लांब अंग. पिल्लाचा कुत्रा झाला तेव्हा तो बसला की पोट जमिनीवर सांडल्यासारखं पसरायचं. त्याचं नाव ढब्बू पडलं.

तिथून मास्तरांचे दिवस फिरले. पूर्वी लेक कामावरून आली की चप्पल काढता काढता विचारायची, "बाबा, चहा प्यायलात का?" आता ती चप्पल घालूनच आत यायची आणि ढब्बूला मिठी मारायची. सोफ्यावरची मास्तरांची जागा ढब्बूची झाली. मास्तर शिंकले तर कुणाचं लक्ष जात नसे. ढब्बू शिंकला की डॉक्टरांना फोन जायचा.

तरीही मास्तर सगळं गिळून बसले होते, कारण लेकीचं लग्न ठरलं होतं. लग्न साधंच. छोटासा हॉल, घरची माणसं, विवाह नोंदणीचे साहेब तिथेच येणार, सह्या, अंगठ्या आणि जेवण. हॉलच्या दारापासून टेबलापर्यंत लेकीचा हात धरून चालत जायचं, हे मास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं. दुकान बंद केल्यावर ते शिलाई मशीनपासून आरशापर्यंत हात वाकवून चालून बघत. चेहरा कसा ठेवायचा, हेही ठरलेलं होतं. डोळे भरलेले, पण मान ताठ.

आणि मग जेवताना लेक सहज म्हणाली, "बाबा, मी हॉलमध्ये ढब्बूबरोबर चालत येणार. अंगठ्या त्याच्याकडे असतील."

"त्याच्याकडे कशा असतील? त्याला खिसा आहे का?"

"तेच सांगतेय. तुम्ही त्याला कोट शिवा. खिशासकट. तुमच्या सुटातलं कापड उरलंय ना, त्यातलाच."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "आणि मी?"

"तुम्ही पहिल्या रांगेत. तुम्हाला सगळं छान दिसेल."

"पंखाही पहिल्या रांगेवरच आहे," बायकोने दिलासा दिला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ढब्बूला दुकानाच्या फळीवर उभं करून माप घेतलं. गिऱ्हाइकं चुळबुळ करतात, पोटं आत ओढतात, खोटं बोलतात. ढब्बू मात्र पुतळ्यासारखा उभा राहिला, त्यामुळे मास्तरांना तो आणखीच खुपला. छातीचं माप तर बरोबर त्यांच्या स्वतःच्या कमरेएवढं भरलं. त्यांनी टेप झटकून पुन्हा लावला. तेवढंच भरलं.

हात मात्र बेइमान व्हायला तयार नव्हते. कोट असा उतरला की बघत राहावं. निळसर करडं कापड, आतून रेशमी अस्तर, पाठीवर झाकणाचा खिसा आणि पोटाखाली बांधायला दोन पट्टे. बघायला गल्ली लोटली. "मास्तर, काय देखणा दिसतो हो," जो तो म्हणायचा. मास्तर त्याच कापडाचा सूट घालून शेजारीच उभे होते. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. समोरचा शिंपीसुद्धा काचेचं दार उघडून आला आणि ढब्बूची कॉलर चाचपून, मान डोलवून गेला.

त्या रात्री मास्तरांनी बेत रचला. ढब्बूचा जीव उकडलेल्या कलेजीत अडकलेला असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या रांगेत वाटेच्या कडेची खुर्ची धरायची. खिशात कलेजी ठेवायची. कुत्रा लेकीला सोडून इकडे येणार, लेक वाटेत एकटी पडणार आणि त्याच क्षणी बाप उठणार, हात पुढे करणार. डोळे भरलेले, पण मान ताठ.

कलेजी कागदात गुंडाळून त्यांनी पॅन्टच्या मागच्या खिशात घातली. कोटाच्या खिशात काही कोंबलं की कोटाची ठेवण बिघडते. हयातभर हे गिऱ्हाइकांना बजावत आलेला माणूस ऐन लेकीच्या लग्नात ते कसं करील?

हॉल भरला. दार उघडलं. लेक आली आणि शेजारून ढब्बू, नोकरीवर रुजू व्हायला निघालेल्या साहेबासारखा. सगळीकडून कौतुकाचे हुंकार उठले. कुणीतरी म्हणालं, "कोट बघा, कोट." मास्तरांनी बूड जरा उचलून वास मोकळा केला.

ढब्बूचं नाक हललं. लेकीला तिथेच सोडून तो तडक मास्तरांकडे आला आणि खुर्चीखाली डोकं खुपसून बसला. लेक वाटेच्या मधोमध एकटी उभी राहिली. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. मास्तर उठले.

चूक झाली ती इथे. इतका वेळ कलेजी मास्तरांच्या वजनाखाली सुरक्षित होती. ते उठताच ढब्बूने मागच्या खिशाला तोंड घातलं आणि मान मागे ओढली. कापड फाटल्याचा आवाज शिंप्याच्या कानाला वेगळाच लागतो. मास्तरांना तेवढ्यावरूनच कळलं, खिशापासून गुडघ्यापर्यंत. ते मटकन खाली बसले. ढब्बू कलेजी कागदासकट गिळून मोकळा झाला होता.

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हीच या ना."

ज्या शब्दांसाठी मास्तर इतके दिवस जळत होते, तेच शब्द भर हॉलमध्ये ऐकू आले आणि त्यांना उठता येईना. "तू हो पुढे," ते कसेबसे म्हणाले, "मला इथून छान दिसतंय."

नोंदणीचे साहेब घड्याळ बघू लागले. विहीणबाई कुजबुजल्या, "रुसलेत की काय?" मास्तरांची बायको शेजारीच होती. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग वाकून खुर्चीच्या मागे पाहिलं, मग हवेत एकदा वास घेतला. ढब्बूचे पट्टे सोडून तिने कोट काढला, मास्तरांना जरासं उठवून त्यांच्या मागच्या बाजूला धरला आणि पट्टे पुढून कमरेवर आवळले. बसायलाच हवा होता, माप तेच होतं.

"चला आता," ती म्हणाली, "आणि वळू नका."

मास्तर लेकीचा हात धरून चालले. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला उघडाबोडका ढब्बू आणि मागे हिंदकळणारा रेशमी अस्तराचा कोट. मान काही ताठ राहिली नाही, पण डोळे खरोखरच भरले. टेबलापाशी पोचल्यावर साहेब म्हणाले, "अंगठ्या?"

सगळे ढब्बूकडे बघू लागले. ढब्बू मास्तरांच्या पाठीमागे बघू लागला.

जावई लिफ्ट दुरुस्त करणारा, अडचणीच्या जागी शांतपणे हात घालायची सवय असलेला माणूस. "बाबा, जरा वळता का?" तो अदबीने म्हणाला. मास्तर वळले. जावयाने मागच्या खिशाचं झाकण उघडून दोन्ही अंगठ्या काढल्या. हॉलमधलं हसू छताला लागलं. फोटोवाल्याने ते सगळं टिपलं.

जेवणं झाली. लेक निघाली. ढब्बूला ती नव्या घरी नेणार, हे आधीपासून ठरलेलं होतं. पण गाडीचं दार उघडून ती थांबली. ढब्बू मास्तरांच्या पायाशी बसून त्यांची बोटं चाटत होता. बोटांना अजून कलेजीचा वास होता, हे तिला कोण सांगणार?

"भर लग्नात मला सोडून तुमच्याकडे धावला," ती म्हणाली. "त्याला माझ्यापेक्षा तुम्ही आवडता. मला कळलंच नाही कधी." ती हसायचा प्रयत्न करत होती. पण कुत्र्याकडून नजर बापाकडे नेताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मास्तरांनी ओळखलं. रोज आरशात बघत होते ते. "राहू दे त्याला तुमच्याकडेच."

मास्तरांनी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "मी सुटीच्या दिवशी येईन त्याला भेटायला. दर सुटीला."

मास्तरांनी तोंड मिटलं. "ये," ते म्हणाले. "वाट बघेल तो."

गाडी गेली. हॉलच्या पायरीवर मास्तर, त्यांची बायको आणि ढब्बू एवढेच राहिले. विहीणबाई निरोप घ्यायला आल्या आणि हळहळल्या, "एकुलती एक लेक. आता घरात कोण राहिलं हो तुम्हाला?"

मास्तर गहिवरले. त्यांनी खाली वाकून ढब्बूच्या गळ्यात हात टाकला. "हा आहे ना," ते म्हणाले.

दोन्ही हातांत आहेराच्या पिशव्या घेऊन बायको शेजारीच उभी होती. तिने त्या पिशव्या मास्तरांच्या पुढ्यात ठेवल्या.

"बरं झालं," ती म्हणाली. "मग संध्याकाळचा चहा यालाच टाकायला सांगा."

आणि ती पायऱ्या उतरून चालू लागली. ढब्बूने एकदा मास्तरांकडे पाहिलं, गळ्यातला हात झटकला आणि तिच्या मागोमाग निघून गेला.