सदर तक्ता अवास्तव वाटतो

शिकायचं तर एकट्यानं शिकायचं, एवढंच काटछाटरावांनी त्या संध्याकाळी ठरवलं. निर्णय लहानसा होता, पण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

काटछाटराव हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीपुरवठा कचेरीत एकोणतीस वर्षं काढलेल्या या वरिष्ठ कारकुनाला ते सहकाऱ्यांनी बहाल केलं होतं, आणि त्यांनी ते कष्टानं कमावलं होतं. टेबलावर आलेला कुठलाही मसुदा निम्मा केल्याशिवाय ते पुढे सोडत नसत. निवृत्त होणाऱ्या एका भिडस्त सहकाऱ्यानं निरोपाचं दोन पानी भाषण 'जरा नजरेखालून घाला' म्हणून त्यांच्याकडे दिलं. ते परत आलं तेव्हा त्यात 'आभारी आहे. निघतो.' एवढाच मजकूर उरला होता. (बिचाऱ्यानं तेवढंच वाचून दाखवलं. इतकं मनाला भिडलेलं भाषण त्या कचेरीत पुन्हा झालं नाही म्हणतात.)

तर या कचेरीतले हेडक्लार्क निवृत्त होत होते. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीवर काटछाटरावांनी गेली अकरा वर्षं डोळा ठेवला होता. आता खुर्ची रिकामी होणार, तोच परिपत्रक निघालं, की या जागेसाठी स्थानिक कॉलेजचा संगणकाचा प्राथमिक कोर्स पास झाल्याचं प्रमाणपत्र हवं. कोर्स ऑनलाइन होता. सहा आठवडे, रोज संध्याकाळी एक तास, आणि शेवटी एक प्रकल्प.

ते फॉर्म भरत बसले होते, तेव्हा बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "माझाही भरा ना."

तिला कारण होतं. कोपऱ्यावरच्या ग्रंथालयातली पुस्तकांची यादी संगणकावर चढवायची होती. तिथल्या ग्रंथपालबाईंनी तिला सांगितलं होतं, की तुम्ही एवढं शिकून या, जागा तुमचीच. पुस्तकांमध्ये बसायचं आणि वर त्याला काम म्हणायचं, याचं स्वप्न ती लग्नाआधीपासून बघत होती. ही हकिगत तिनं नवऱ्याला दोनदा सांगितलीही होती, पण काटछाटराव घरातलं बोलणंसुद्धा निम्मंच ऐकत.

"एका घरात एक शिकलेला पुरे," ते म्हणाले. "मी शिकलो की सांगेन तुला."

बायको गप्प बसली. बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं, हा त्यांचा समज लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनचा होता. तिनं स्वयंपाकघरात जाऊन भाचीला फोन लावला आणि भाचीनं पाच मिनिटांत मावशीचा फॉर्म भरून टाकला.

अशा रीतीनं एका छपराखाली दोन विद्यार्थी झाले आणि त्यातल्या एकालाच ते ठाऊक होतं. काटछाटराव बाहेरच्या खोलीत जुन्या संगणकापुढे इस्त्रीचा शर्ट घालून बसत. पडद्यावर शिकवणाऱ्या मॅडम दिसल्या की उठून उभे राहत. ती आत, साखरेच्या डब्याला फोन टेकवून आणि कानात इअरफोन घालून. बऱ्याच जणांचं नेट रडतखडत चालायचं म्हणून मॅडमनी सगळ्यांचे कॅमेरे बंद ठेवले होते आणि त्या हजेरी क्रमांकानं घेत. यादी आडनावाप्रमाणे लावली होती. त्यामुळे एका आडनावाची दोन माणसं शेजारी शेजारी आली, ती सतरा आणि ते अठरा. 'अठरा हजर' ही हाक तिला आधी भिंतीतून आणि मग इअरफोनमधून, अशी दोनदा ऐकू येई. ती स्वतः मात्र हजेरी लिहून पाठवायची. ती आत मालिका बघतेय अशी त्यांची खात्री होती. रोज तासभर मालिका बघून ही बाई एकदाही डोळे कशी पुसत नाही, याचं त्यांना नवल वाटे.

शिकण्यात काटछाटरावांनी कसूर केली नाही. मॅडमनी फाइल सेव्ह करायला सांगितली की ते सेव्ह करत आणि शिवाय एका जाड रजिस्टरमध्ये फाइलचं नाव, तारीख आणि वेळ लिहून खाली सही ठोकत. एका दमात सगळा मजकूर निवडून पुसून टाकायची युक्ती त्यांना पहिल्याच आठवड्यात साधली, आणि ती त्यांना मनापासून आवडली. लाल पेन झिजवण्यात आपली इतकी वर्षं फुकट गेली, असं त्यांना वाटून गेलं.

शेवटचा प्रकल्प जोडीनं करायचा होता. विषय होता 'आमच्या घरातलं एक काम'. दोन पानं मजकूर, एक तक्ता आणि एक फोटो. दोघांनी आपापल्या घरून एकाच पानावर लिहायचं, म्हणजे एकानं लिहिलेलं दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसेल. मुदत रविवारी संध्याकाळी सहाची. दोघांचंही लिखाण त्यात हवं, नाहीतर दोघंही नापास. मॅडमनी नावं न घेता, नुसत्या क्रमांकांनीच यादीतल्या शेजाऱ्यांच्या जोड्या लावल्या आणि सतरा-अठरा एकत्र आले.

रविवारी सकाळी काटछाटरावांनी पान उघडलं, तर क्रमांक सतरांनी दीड पान लिहून ठेवलेलं. कोणा बाईंनी लिहिलं होतं, की आमच्या घरातलं सर्वांत मोठं काम म्हणजे यजमानांच्या वस्तू शोधणं. ते रोज सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी सुरू होतं आणि ते घराबाहेर पडले की संपतं. खाली चौदा ओळींचा तक्ता होता. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात 'मी इथेच ठेवली होती' असं ते म्हणतात ती जागा, आणि तिसऱ्यात सापडली ती जागा. किल्ल्या खुंटीवर ठेवलेल्या होत्या आणि दाराला बाहेरून लटकताना सापडल्या. छत्री दाराआड होती, ती न्हाणीघरात सापडली. चष्मा टेबलावर होता, तो फ्रिजमध्ये सापडला.

काटछाटरावांना हसू आवरेना. ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"आमच्या वर्गात एक बाई आहेत," ते म्हणाले. "त्यांचा नवरा म्हणजे अगदीच गबाळा दिसतोय. वस्तू कुठे ठेवतो, काही पत्ताच नाही."

"असतात असे काही," बायको कणीक मळता मळता म्हणाली.

"कसं निभावत असतील बाई."

"निभावतात."

आपल्या बाबतीत असं काही असेल, अशी शंकाही त्यांना शिवली नाही. त्यांच्या हिशेबी त्यांच्या वस्तू कधी हरवतच नसत. बायको त्या कुठेतरी ठेवते आणि विचारलं की आणून देते, एवढंच.

परत येऊन ते कामाला लागले. समोर पान आहे, त्यावर दुसऱ्यानं लिहिलेला मजकूर आहे, म्हणजे हा आपल्याकडे मंजुरीला आलेला मसुदाच, याबद्दल त्यांना तिळमात्र संशय नव्हता. एकोणतीस वर्षं दुसरं काही त्यांच्यापुढे आलंच नव्हतं. त्यांनी दीड पानाचं पाऊण पान केलं, तक्त्याच्या दहा ओळी उडवल्या आणि समाधानानं मागे रेलून बसले. त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक करून दहाही ओळी परत आल्या.

कचेरीत असं कधी घडलं नव्हतं. तिथे कापलेलं वाक्य कापलेलंच राहायचं. त्यांनी पुन्हा उडवल्या, पुन्हा आल्या. दुपारच्या जेवणापर्यंत हे चाललं. जेवताना दोघंही घाईत होती, आणि तिला कसली घाई हे त्यांनी विचारलं नाही. जेवण उरकून ते पुन्हा भिडले. आता त्यांना चेव चढला होता. प्रश्न चार-दहा ओळींचा राहिला नव्हता, अधिकाराचा झाला होता. शेवटी साडेपाचच्या सुमाराला त्यांनी पानाच्या कडेला रीतसर शेरा मारला: 'सदर तक्ता अवास्तव वाटतो. कोणताही समजूतदार इसम चष्मा फ्रिजमध्ये ठेवणार नाही. खुलासा करावा.'

खुलासा मिनिटभरात आला: 'काल सकाळी आठ वाजता, भाजीच्या कप्प्यात, दुधी भोपळ्याशेजारी. फोटो जोडला आहे.'

फोटो हळूहळू उमटला. आधी भोपळा दिसला. मग चष्मा. मग फ्रिजचं अर्धवट उघडं दार, आणि दाराची मोडकी मूठ निळ्या सुतळीनं बांधलेली. सुतळीला सहा गाठी होत्या. त्या सहा गाठी काटछाटरावांनी स्वतः मारल्या होत्या आणि 'आता दहा वर्षं बघायला नको' असं म्हणून हात झटकले होते.

माणसाचं मन मोठं चिवट असतं. त्यांच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की या बाईंचा नवराही मूठ सुतळीनंच बांधतो वाटतं. दुसरा विचार यायला अर्धं मिनिट लागलं, की हा फ्रिज आपलाच. सगळा वर्ग हे वाचणार, मॅडम वाचणार. हातानं आपणहून तेवढीच एक युक्ती केली, जी त्याला सर्वांत चांगली येत होती. सगळा मजकूर निवडला आणि पुसला. पान पांढरंफटक झालं.

बायको बाहेर आली. हातात फोन होता आणि एक इअरफोन कानातून लोंबत होता.

"अठरा," ती म्हणाली, "सगळं का पुसलंत?"

काटछाटराव आधी तिच्या फोनकडे आणि मग कोऱ्या पानाकडे बघू लागले.

"सहाला वीस मिनिटं आहेत. पान कोरं गेलं तर दोघंही नापास. तुमची खुर्ची जाईल आणि माझी लायब्ररीतली जागा जाईल. तुम्हाला दोनदा सांगितलं होतं मी त्या जागेचं." तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरून आले होते. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच.

त्यांना भयंकर शरम वाटली. अशी शरम त्यांना पूर्वी कधी वाटली असेल तर ती आठवत नव्हती. "मला कसं आणायचं ते येत नाही," ते म्हणाले. "पुसलं की गेलं, एवढंच माहीत आहे."

"चौथ्या आठवड्यात शिकवलं होतं. आधीची प्रत परत आणायचं."

"त्या दिवशी मी जरा..."

"झोपला होतात. घोरणं सगळ्या वर्गाला ऐकू जात होतं. मॅडमनी तुमचा आवाज बंद केला. सरका आता."

ते सरकले. एका खुर्चीवर दोघं अर्धी अर्धी बसली. फोनवर तिला ती सोय सापडत नव्हती म्हणून संगणकावरच शोधायची होती, पण संगणकाचा माऊस तिनं आयुष्यात हातात धरला नव्हता. मग ती सांगत गेली आणि ते दाबत गेले. वर जा, उजवीकडे, ते नाही, त्याच्या खालचं. दोनदा चुकलं, एकदा भलतंच पान उघडलं. सहाला आठ मिनिटं असताना दीड पान, चौदा ओळी आणि दुधी भोपळा, सगळं जसंच्या तसं परत आलं. तिनं सोडलेला श्वास त्यांच्या कानाला लागला.

"आता तुमचं लिहा," ती म्हणाली. "अर्धं पान रिकामं आहे. दोघांचं हवं."

काटछाटराव कीबोर्डावर दोन बोटं ठेवून क्षणभर बसले. मग टाइप करू लागले. ती शेजारून वाचत होती.

'वरील तक्ता मी तपासला. चौदाही नोंदी खऱ्या आहेत. सदर इसम मीच. माझी वस्तू मला न सापडता मी घराबाहेर पडलो, असे एकोणतीस वर्षांत एकदाही झालेले नाही. ती मीच सांभाळतो असा माझा समज होता. शोधून देणाऱ्या व्यक्तीचे आभार मी कधी मानलेले नाहीत. ते या पानावर मानतो. ग्रंथालयाच्या जागेविषयी त्यांनी मला दोनदा सांगितले होते. मी ऐकायला हवे होते.'

"लांबलंय," ते पुटपुटले आणि त्यांचं बोट सवयीनं पुसायच्या बटणाकडे वळलं. तिनं त्यांचा हात धरून बाजूला ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "एवढं तरी राहू द्या."

पान पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी गेलं. त्यानंतर बराच वेळ त्या अर्ध्या अर्ध्या खुर्चीवरून कोणीच उठलं नाही.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. सतरा वर्गात पहिल्या आल्या आणि ग्रंथपालबाईंनी त्याच दिवशी त्यांना रुजू करून घेतलं. अठरासुद्धा पास झाले. कचेरीत दुसऱ्या कोणी प्रमाणपत्र मिळवलंच नव्हतं, तेव्हा खुर्ची आता आपलीच, अशा थाटात काटछाटराव साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

साहेबांनी प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं. मागे मॅडमचा शेरा होता: 'क्रमांक सतरा सोबत असताना काम समाधानकारक.'

"हे सतरा कोण?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या घरीच असतात साहेब."

साहेबांनी शेरा पुन्हा एकदा वाचला. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग आपण त्यांनाच का घेत नाही?"

"त्या कालच दुसरीकडे लागल्या साहेब," काटछाटराव म्हणाले.

साहेबांनी मोठा सुस्कारा सोडला आणि पेनाचं टोपण काढलं.

"मग नाइलाज आहे," ते म्हणाले. "बसा तुम्हीच."