उजव्या अंगठ्याचं अपील

धनसिंगचा डावा हात ब्रह्मदेशच्या लढाईत गेला. त्याविषयी सरकारला शंका नव्हती. बॉम्ब पडला तेव्हा धनसिंग जेवत होता, एवढीच अडचण होती. जेवण ही खाजगी बाब असल्यामुळे हातही खाजगी कारणानं गेला असं ठरलं आणि अपंगत्वाची पेन्शन नामंजूर झाली.

आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावर परतल्यावर त्याला एका हातानं नांगर धरता येईना. पेन्शन मिळाली तर गडी लावता आला असता. बायको धुरपता म्हणायची, "पुन्हा अर्जी करा. लढाईवर उपाशी मरायचं व्हतं काय?" मग आषाढात पटकी आली आणि दोन दिवसांत धुरपता गेली. तिच्या माघारी दोन महिन्यांनी त्यानं अपील केलं. डावा अंगठा नव्हता, म्हणून खाली उजवा उठवला.

सहा महिन्यांनी कचेरीतून बोलावणं आलं. पेशकार तातेरावांनी चष्मा पुसला.

"अपील मंजूर. धनसिंगच्या विधवेला पेन्शन."

"साहेब, धनसिंग मीच की."

"अर्जीवर उजवा अंगठा आहे. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा, असा कायदा. म्हणजे अर्जी बाईची. बाई नवऱ्याची पेन्शन मागते, म्हणजे नवरा मेला. यात काय चुकलं सांग."

"डावा अंगठा बर्म्यात राहिला, साहेब. त्याच्याचपायी तर अर्जी हाय."

"मग तो आणायचा होता. बायकोचं नाव धुरपताबाई, बराबर?"

"व्हय. पर ती न्हाई आता."

"काहून? परवाच तिची अर्जी तपासली मी. कागदावर ठणठणीत आहे."

धनसिंगनं तातेरावांकडे नीट पाहिलं. आठ महिन्यांत, धुरपता जिवंत आहे असं म्हणणारा हा पहिलाच माणूस.

तातेराव तसे दयाळू होते. "हे बघ, तुला जिवंत करायचं तर तिला मेलेली दाखवावी लागेल. एका अर्जीवर एकच माणूस जिवंत राहतं. बोल, कोणाला ठेवू?"

"तिलाच ठेवा," धनसिंग म्हणाला. "मी तरी काय करून राहिलो जगून?"

पेन्शन न्यायला धुरपताबाईनं जातीनं यावं, असा शेरा पडला. ती येईपर्यंत रक्कम सुरक्षित होती. आता फक्त धनसिंगच्या मरणाला दोन साक्षीदार हवे होते. कागद घेऊन तो स्वतःच बाळापुरात गेला. गावातल्या दोन प्रतिष्ठितांनी त्याला ओट्यावर बसवलं, चहा पाजला, तब्येतीची चौकशी केली. आणि सरकारी कागदाला उगाच आडवं कशाला जा, म्हणून त्याच्या मरणावर सह्या केल्या. दोघांनाही तुमच्यासारखं चांगलं वाचता येत होतं.