तक्रारीचा चहा

आमच्या फौंड्रीत चारचा चहा पैशानं मिळायचा नाही आणि फुकटही मिळायचा नाही. त्यासाठी एक तक्रार द्यावी लागायची.

द्यायची ती मल्लाप्पा मिस्त्रींना. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. मूळचे कुरुंदवाडचे, आमच्या मोल्डिंग खात्याचे मुकादम, आणि आवाज असा की भट्टी चालू असतानाही गेटापर्यंत जायचा. टपरीवरून किटली आली की ती स्वतःच्या ताब्यात घ्यायचे आणि एकेकाला विचारायचे, "बोला, काय सलतंय?" त्रास सांगायचा, वर त्यावरचा उपायही सांगायचा, मगच कप. "तक्रार न्हाय, तर चहा न्हाय!"

नव्वदच्या दशकात मी तिथं स्टोअरकीपर म्हणून लागलो. मास्तरांचा मुलगा मी. नोकरीत तोंड उघडायचं नाही, एवढीच काय ती घरची शिकवण. पहिल्या दिवशी म्हटलं, "सगळं छान आहे, आप्पा."

आप्पांनी किटली मागं घेतली. "पावणं, सगळं ब्येस हाय म्हणणारा माणूस एक तर झोपलेला असतोय, न्हायतर भ्यालेला. तुमी ह्यातलं कुठलं?"

तीन दिवस मी बिनचहाचा राहिलो. चौथ्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की ओरडलोच, "खिळ्यांचे डबे सगळे सारखे दिसतात! एक पाहिजे असला तर चार उघडावे लागतात!"

"आन् उपाय?"

"डब्याला बाहेरून एकेक खिळा चिकटवतो."

आप्पांनी कप काठोकाठ भरला. इतका गोड चहा मी पुन्हा प्यालो नाही.

भीमराव मोल्डरची तक्रार होती, साच्यांची वाळू चाळून चाळून खांदे गेले. उपाय म्हणजे, चाळण सायकलच्या जुन्या ट्यूबनं वरच्या अँगलला टांगायची. टांगली. ट्यूब तुटली आणि वाळूनं भरलेली चाळण थेट आप्पांच्या पायावर. काय शिव्या दिल्या हो त्या माणसानं! निम्म्या मराठीत, निम्म्या कानडीत. आणि चार वाजता लंगडत आले नि भीमरावला दोन कप दिले. फसलेल्या उपायाला दोन कप, हा त्यांचा नियमच होता. "करून बघितलंस न्हवं? घे." पुढच्या आठवड्यात भीमरावनं दोन ट्यूबा लावल्या. मग शेजारच्या कारखान्यातली माणसं आमची चाळण बघायला यायला लागली.

एकदा धाकटे मालक पुण्याहून कसलंसं शिबिर करून आले आणि नव्या कल्पनांसाठी कुलूपबंद सूचनापेटी लावली. दोन महिन्यांनी उघडली, तर आत तंबाखूची पुडी आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. बिचारे चारला आप्पांपुढं उभे राहिले. "पेटी रिकामीच राहतेय, आप्पा."

"उपाय?"

मालकांनी स्वतःच्या हातानं पेटी उतरवली. त्यांनाही कप मिळाला.

आप्पांची निवृत्ती जवळ आली तसा त्यांना एकच घोर लागला, की आता किटली द्यायची कुणाच्या हातात? कुणीच पसंत पडेना. "त्यो फसलेल्याला हसतोय. ह्यो अर्धाच कप भरतोय." शेवटच्या दिवशी वैतागून माझ्या हातात दिली. पहिला कप अर्थातच त्यांचा. मी ओतणार, तोच भीमराव म्हणाला, "थांबा की! आप्पांची तक्रार कुठाय? इतक्या वर्सांत एक तरी दिलीया का त्येंनी?"

खरंच की! सगळी माणसं हसत गोळा झाली. "बोला आप्पा, काय सलतंय?"

आप्पा हसले. टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्यांच्याकडून कधीच न ऐकलेल्या हळू आवाजात बोलायला लागले. "आमची ही व्हती तवर सकाळपास्नं तक्रार. पाय धुवा, बटण तुटलंय, किती मोठ्यानं बोलताय. ती गेली आन् घर गप झालं. आता मीच रांधतो, मीच खातो. भाजी बिघडली तर नावं ठेवायला बी कोण न्हाय. म्हणून हितं ह्यो चहाचा खेळ मांडला. तुमी कुरकुर केली की बरं वाटायचं, गड्यानू."

"उपाय?" मी सवयीनं विचारून बसलो आणि जीभ चावली.  

निरोपाला आलेले धाकटे मालकच म्हणाले, "आप्पा, तुमची नोकरी संपली. चहा संपलेला नाही. उद्या चारला या."

दुसऱ्या दिवशी आप्पा पावणेचारलाच हजर. हातात डबा, डब्यात स्वतः केलेली वांग्याची भाजी. त्यांनी तो भीमरावपुढं सरकवला. भीमरावनं एक घास खाल्ला, आमच्याकडं बघितलं.

"आप्पा, खारट झालीया वो."

आप्पा फळीवर त्याच्या शेजारी अगदी खेटून बसले.

"किती खारट? नीट सांग की!"