आणू करार

आमच्या वस्तीची डीपी ऐन आषाढात जळाली आणि त्याच आठवड्यात दिल्लीचं सरकार हलायला लागलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. वीज कचेरीतल्या साहेबांनी तो मला नीट समजावून दिला. मी दुसरीपर्यंत शिकलेली असल्यामुळे मला तो लगेच पटला.

डीपी म्हणजे दोन खांबांच्या मध्ये बसवलेली ती राखाडी पेटी. ती असली की माझी पिठाची गिरणी चालते, आणि गिरणी चालते तोवर या वस्तीत माझा शब्द चालतो. कुणाच्या सुनेला काय बोलायचं, कुणाच्या सोयरिकीत कुठं खोट काढायची, हे सगळं माझ्या गिरणीच्या ओट्यावर ठरतं. डीपी जळाली आणि बाया डोक्यावर डबे घेऊन सायखेड्याला भागीबाईच्या डिझेलवरच्या गिरणीत जायला लागल्या. त्या भागीबाईच्या भाकरीला रॉकेलचा वास येतो. पण माणसांना पोट असतं, नाक नसतं. आठवड्याभरात वस्तीतली एक सोयरीक मला न विचारता ठरली. तेव्हा मी इरकल नेसले आणि कचेरी गाठली.

साहेब म्हणाले, "आजी, देशाचं ऊर्जाधोरण दिल्लीत मतदानाला आहे. वर धोरण ठरल्याशिवाय खाली काही हलत नाही."

"पण दुसरी डीपी तुमच्या आवारात पडलेली असंल ना?"

"डीपी असेल हो. धोरण नाही."

घरी येऊन मी सुनेला, मोहिनीला, पेपर वाचायला बसवलं. ती बारावी आहे. ती म्हणाली, "आत्याबाई, दिल्लीत अणुकरारावर मतदान आहे. तो झाला की देशाला वीज मिळणार."

मी म्हटलं, "चला! शेवटी करार केला म्हणायचा मेल्यांनी."

'आणू' हा शब्द मला चांगला ठाऊक होता. आमच्या मालकांनी लग्नात सांगितलं होतं, पाटल्या आणू. सरपंचांनी सांगितलं, डांबरी आणू. आमदारांनी सांगितलं, पाटाचं पाणी आणू. हे सगळं आजवर तोंडी होतं. आता दिल्लीवाले त्याचा रीतसर करार करत होते, सही-शिक्क्यानिशी. मला सरकारबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

"आत्याबाई, 'आणू' नव्हे हो, 'अणू'. अणू म्हणजे इतकी बारीक वस्तू, की ती डोळ्यांना दिसतच नाही."

"मग तेच तर मी म्हणते!"

मोहिनीनं पेपरची घडी घातली. बारावीचा एवढाच उपयोग असतो.

आमच्या शेजारी एका खासदारांचा द्राक्षाचा मळा आहे. निवडून ते दुसरीकडून येतात, पण द्राक्षं त्यांना आमच्याकडचीच आवडतात. त्यांच्या बंगल्याची डीपी कधी जळत नाही. तर या खासदारांचा म्हणे निर्णय होत नव्हता, करारावर मत कुठं टाकावं. म्हणून जनतेचा कौल घ्यायला त्यांनी आपला माणूस पाठवला. धोंडीराम. पांढरे कपडे, दोन मोबाइल आणि एक ढेकर.

जळक्या डीपीखाली सभा भरली. लाउडस्पीकर आणला होता, तो डीपीसारखाच गप्प होता. धोंडीराम घसा ताणून म्हणाला, "मायबाप हो! देशाच्या ऊर्जेचा प्रश्न आहे! सगळ्यांनी एका आवाजात सांगा, हाय का नाय?"

सगळ्यांनी वर तारेकडं पाहिलं आणि एका आवाजात सांगितलं, "नाय!"

धोंडीरामला घाम फुटला. पाऊणशे माणसांच्या वस्तीनं राष्ट्रीय धोरण फेटाळलं होतं.

"अहो, लाइट हाय का नाय ते नाय विचारत! तुमचा पाठिंबा हाय का नाय?"

"आधी लाइट, मंग पाठिंबा," मागून कुणीतरी म्हणालं.

"असं चालत नाय! आधी पाठिंबा, मंग धोरण, मंग लाइट."

"आन् दळण कवा मंग?"

शेवटी मला उठावं लागलं. मी पदर खोचला. "ए बायांनो, ज्यांना भागीबाईची रॉकेलची भाकर खायाची नसंल त्यांनी 'हाय' म्हणा!"

"हाऽऽय!"

असा तो ठराव एकमतानं मंजूर झाला. धोंडीरामनं तिथूनच दिल्लीला फोन लावला. "साहेब, वस्तीचं हाय! समद्यांचं हाय! हाय, हाय!" पलीकडून साहेबांनी विचारलं, हाय हाय कुणाच्या नावानं चाललंय. तेवढ्यात रेंज गेली. आपल्याविरुद्धच घोषणा चालल्यात असं साहेबांना वाटलं असावं. कारण ऐन मतदानाच्या वेळी ते लघवीला गेले, ते निकाल लागल्यावरच बाहेर आले.

आमच्याशिवायही करार झाला. माझा मुलगा महेश नाशिक रोडला नोकरीला आहे. तिथं लाइट असते, त्यामुळे देशात काय चाललंय ते तिथल्या माणसांना दिसतं. त्यानं फोनवर सांगितलं, "आई, पास झाला गं!"

आणि खोटं कशाला बोलू, श्रावण संपायच्या आत डीपी आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, नवरीसारखी मागं टेकून बसलेली. धोंडीराम पुढं, वीज कचेरीतले साहेब मागं. आम्ही पाच सवाष्णींनी तिची ओटी भरली. हळदीकुंकू लावताना मला तिच्या पोटावर आधीच उमटलेला एक पंजा दिसला, तेलात कालवलेल्या शेंदराचा. साडेचार बोटांचा. करंगळी अर्धीच.

मी साहेबांना विचारलं, "डीपी नवी हाय ना?"

"तुमच्यासाठी नवीच आहे, आजी."

मी म्हटलं, कारखान्यात पूजा केली असेल. कामगाराचं बोट मशीनमध्ये गेलं असेल, बिचारा. मी त्या पंजावर हळदीचा आपला भक्कम पंजा उठवला आणि नारळ फोडला. गिरणी सुरू झाली. भागीबाईकडं गेलेल्या बाया माना खाली घालून परत आल्या. ती परस्पर ठरलेली सोयरीकही मी मोडली आणि पुन्हा जुळवून दिली. राष्ट्रीय धोरण वाईट असतं असं आता कुणी माझ्यासमोर बोलून बघावं.

दसऱ्यानंतर द्राक्षाच्या छाटणीला हरसूलकडच्या डोंगरपाड्यांवरची माणसं आमच्याकडं येतात. यंदा झिपरू आणि त्याची बायको सगुणाबाई आली. सगुणाबाई नागलीचं दळण घेऊन ओट्यावर आली आणि डबा न ठेवताच खांबांकडं बघत उभी राहिली.

"काय गं, डीपी कधी पाह्यली नाय का?"

"पाह्यली ना, बाय. हीच पाह्यली." तिनं डाव्या हातानं वर दाखवलं. पावसानं माझी हळद केव्हाच धुऊन नेली होती. शेंदूर तेलातला, तो तसाच होता. मग तिनं उजवा पंजा उघडून माझ्यापुढं धरला. करंगळी अर्धीच होती. विळ्यानं गेलेली.

"आमचे पाड्यावर पयलेपयले लाइट आली, तवा मीच हात उठवला हिच्यावर. सावनात साहेब आलं नं खाली उतरवली. सांगलं, दुरुस्तीला नेतू."

"मग? परत कधी देणार म्हणाले?"

"आणू म्हनलं."

मोहिनी माझ्याकडं बघत होती. बारावी झालेल्या मुलींना असं बघायची खोड असते.

सगुणाबाई म्हणाली, "बाय, तू मोठी माणूस. साहेब तुझा ऐकतो. पोरा अंधारात बसतां. सांगशील का त्याला?"

गिरणी घरघरत होती. रांगेत आठ डबे होते, त्यात एक खुद्द भागीबाईच्या जावेचा. मी सगुणाबाईची नागली सगळ्यांच्या आधी दळून दिली, तीही फुकट. प्रकरण माझ्यापुरतं मिटलं. तरी ती डबा डोक्यावर घेऊन तशीच उभी. काहीतरी बोलणं भाग होतं.

मी म्हटलं, "आणू."

शब्द इतका सहज निघाला, की आमच्या मालकांच्या पाटल्यांची आठवण झाली.

आता तुम्ही मोहिनीसारखं माझ्याकडं बघू नका. हे दिव्याखालीच वाचताय ना? तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरही अशीच एक पेटी असेल. तिच्या पोटावर कुणाची बोटं आहेत, एकदा जाऊन बघा म्हणणार होते. पण नकोच. शॉक बसेल.