बंद खिडकीसमोरचा तास

सरांनी बंद खिडकीकडे तोंड केलं, घसा खाकरला आणि हलक्या आवाजात विचारलं, "विद्यार्थी मित्रहो, समाज म्हणजे काय?"

खिडकी काही बोलली नाही. म्हणूनच तर सरांनी तिची निवड केली होती. बंद खिडकी बरीचशी विद्यार्थ्यांसारखी असते. समोर असते आणि ऐकत नाही. फक्त ती जांभई देत नाही, एवढाच काय तो फरक.

कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पलीकडे ही खिडकी होती. एके काळी तिथं फी भरून घेत. आता आत मोडक्या बाकांचा ढीग होता आणि खिडकीची झडप कायमची लागली होती. सहसा तिकडं कुणी फिरकत नसे. समाजशास्त्र शिकवणाऱ्या आणि माणसांना घाबरणाऱ्या सरांना अशा जागा बरोबर ठाऊक असत.

सरांचं वाचन अफाट होतं, पण तेच त्यांच्या आड येई. एक वाक्य बोलायला घेतलं की त्यावरचे चार आक्षेप डोक्यात उभे राहत. मग सर वाक्य अर्धवट सोडून पहिल्यापासून सुरुवात करत. त्यामुळे वर्ष संपलं तरी अभ्यासक्रमाची प्रस्तावना संपत नसे. मुलांनी त्यांचं नाव 'प्रस्तावना सर' ठेवलं होतं. सरांच्या ते कानावर आलं होतं आणि मनातल्या मनात पटलंही होतं.

आज मात्र गाठ प्राचार्यांशी होती. त्यांनी सरांना बोलावून स्पष्टच सांगितलं होतं, "सर, गेल्या वर्षी तुमच्या वर्गात मुलांपेक्षा पंखे जास्त होते. यंदा वर्ग भरला नाही तर विषय बंद. तुम्हाला मी परीक्षा विभागात घेतो. तिथं बोलावं लागत नाही." शेवटचं वाक्य त्यांनी अगदी प्रेमानं उच्चारलं होतं. सरांना तेच जास्त लागलं.

नव्या मुलांनी विषय निवडायचा दिवस आज होता. त्याआधी प्रत्येक विषयाला ओळखीचा एक तास मिळे. सरांचा तास थोड्याच वेळात वरच्या मोठ्या वर्गात होता आणि प्राचार्य स्वतः येऊन बसणार होते. सरांनी घरी तालीम करून पाहिली होती. बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली होती, "छान आहे हो. पण हे सगळं तुम्ही कपाटाला का सांगताय?"

"समाज म्हणजे केवळ माणसांचा घोळका नव्हे," सर खिडकीला सांगत होते, "तर..."

"इथंच का हो?"

सर दचकून वळले. मागं खांद्याला मोठी पिशवी अडकवलेल्या एक बाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी पाण्याची बाटली घेतलेली एक मुलगी.

"फॉर्म इथंच मिळतात ना?" बाईंनी पुन्हा विचारलं.

नाही, मी खिडकीशी बोलतोय, हे खरं उत्तर होतं. ते द्यायला जे धैर्य लागतं ते सरांपाशी नव्हतं. त्यांनी मान हलवली. ती उभी हलली की आडवी, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. बाईंनी ती उभी धरली.

"चला, दुसराच नंबर लागला!" बाई मुलीला म्हणाल्या. "तुला म्हटलं नव्हतं, आत्याबरोबर चल म्हणून?"

एका माणसामागं दुसरा उभा राहिला तर तो योगायोग असतो. तिसरा आला की रांग होते. चौथ्याला काही विचारायची गरजच उरत नाही. बघता बघता रांग जिन्यापर्यंत पोचली, जिन्याला वळसा घालून मुख्य दारापर्यंत गेली आणि दाराबाहेरही तिचं शेपूट दिसू लागलं. फॉर्म वरच्या मजल्यावर मिळतील, अशी सूचना दाराच्या पलीकडच्या भिंतीवर लावलेली होती. पण ती वाचायची तर रांग सोडावी लागली असती.

आत्यांनी रांगेचा ताबा घेतला. त्यांना तो कुणी दिला नव्हता. "ओ आजी, गुडघे धरून काय उभ्या राहताय? त्या पायरीवर बसा. तुमच्या जागी ही बाटली ठेवते. ए पोरांनो, भिंतीला चिकटून उभे राहा, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट नको? आणि दाराशी कोण आहे? येणाऱ्याला शेवट दाखवा!" लगेच दाराजवळच्या एका मुलानं शेवट दाखवायचं काम घेतलं आणि ते असं काही मन लावून करू लागला, की जणू त्यासाठीच त्याला कॉलेजात घातलं होतं. थोड्याच वेळात सगळी रांग त्यांना आत्या म्हणू लागली.

सरांच्या तासाची वेळ झाली. "मला जरा वर जायचं होतं," ते पुटपुटले.

"मग जा की! तुमचा नंबर कुठं पळतोय?" असं म्हणत आत्यांनी त्यांच्या हातातलं टिपणांचं पुडकं काढून घेतलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. "हे बसलंय तुमच्या जागी. निर्धास्त जा."

टिपणं परत मागायचा सरांना धीर झाला नाही. ते रिकाम्या हातानं वर गेले. वर्गही रिकामाच होता. बाक होते, फळा होता, मुलं नव्हती. ती कुठं असतील याचा विचार करत सर क्षणभर उंबऱ्यात उभे राहिले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. सगळी मुलं खाली होती. सरांनीच नकळत उभ्या केलेल्या रांगेत.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते धावत खाली आले आणि आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर मोठ्यानं बोलले. "ऐका! इथं काही मिळणार नाही. ही खिडकी बंद आहे!"

शेवटाजवळून कुणीतरी खदखदून हसलं. ते एक ड्रायव्हरकाका होते. मुलीसाठी रांग धरायला आले होते आणि उशिरा आल्याचा राग पुढच्या सगळ्यांवर काढत होते.

"वा! पहिला नंबरवाला सांगतोय, घरी जा म्हणून!" ते ओरडले. "आम्ही जायचं आणि फॉर्म यांनी घ्यायचे!"

"अहो, पण आत नुसते मोडके बाक आहेत," सर कळवळून म्हणाले.

"तुम्हाला आतलं कसं काय ठाऊक?"

आत्यांनी सरांकडं नव्यानं पाहिलं. "आत ओळख दिसतेय तुमची," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, आणि रांग आणखी घट्ट झाली.

ड्रायव्हरकाका आता रांग सोडून पुढंच आले होते. "हे सगळं पुढच्यांच्या सोयीचं आहे! नियम करणार पुढचे आणि पाळणार आम्ही मागचे. आणि ही बाटली काय म्हणून उभी आहे रांगेत? बाटली शिकणार आहे कॉलेजात?" त्यांनी बाटली उचलली.

"खाली ठेवा ती!" भाची कडाडली. "ती बाटली नाहीये, आजी आहेत त्या."

"बाटली ती बाटली!"

"हो का? आणि मघाशी मी शेवट बघायला दारापर्यंत गेले, तर तुम्ही गाडी नीट लावायला गेला होतात आणि तुमच्या जागी तुमचा रुमाल होता. तेव्हा कसे नाही म्हणालात, रुमाल तो रुमाल?"

काकांनी बाटली होती तिथं, अगदी सरळ करून ठेवली.

"व्वा!" सर म्हणाले.

ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की सगळी रांग त्यांच्याकडं बघू लागली. एरवी एवढे डोळे पाहून सरांची बोबडीच वळली असती. पण त्यांना भीती वाटायला सवडच नव्हती. उभा जन्म जे पुस्तकांत वाचलं, ते सगळं एका व्हरांड्यात हातवारे करत उभं होतं.

"अहो, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?" सर म्हणाले. "या आत्या बघा. कुणी शेवट दाखवतं, कुणी वाट मोकळी ठेवतं, कुणी दुसऱ्याची जागा सांभाळतं. जो तो आपापलं काम करतो, म्हणून रांग टिकते. सगळ्या समाजाकडं असं बघणारे मोठमोठे विचारवंत होऊन गेले. याला प्रकार्यवाद म्हणतात."

"मी कधी म्हटलं असं?" आत्या दचकून म्हणाल्या.

"म्हणाला नाहीत. करून दाखवलंत. आणि हे काका म्हणतात, व्यवस्था आहे खरी, पण कुणाच्या सोयीची? ज्याच्या हाती पुढची जागा, त्याच्याच हाती नियम. हा झाला संघर्षवादी दृष्टिकोन."

"याला नाव आहे?" काकांचा आवाज एकदम खाली आला. "मला वाटायचं मी नुसता भांडतो. घरचेही तेच म्हणतात."

"फार मोठं नाव आहे. आणि ही मुलगी म्हणते, आधी ही बाटली बघा. ती आजी कशी झाली? आपण सगळ्यांनी तसं मानलं म्हणून. माणसं एकमेकांशी वागता वागता वस्तूंना अर्थ देतात आणि त्या अर्थांवर जग चालतं. याला म्हणतात प्रतीकात्मक आंतरक्रियावाद."

"एवढं मोठं?" भाची म्हणाली.

"नाव मोठं आहे, गोष्ट बाटलीएवढीच."

"मोठ्यानं बोला, मागं ऐकू येत नाही!" दाराकडून आवाज आला. हे वाक्य सरांना आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. ते चक्क कट्ट्यावर चढले.

"पण तिघांत बरोबर कोण?" काकांनी विचारलं.

"तिघंही. आणि एकेकट्यानं तिघंही अपुरे. आत्यांची नजर मागच्यांना विसरते. तुमच्या नजरेला हे सांगता येत नाही की एवढा राग असून तुम्ही अजून रांगेत का." सगळे हसले, काकाही हसले. "आणि बाटलीकडं फार जवळून बघत राहिलं, तर ही खिडकी मुळात बंद कुणी ठेवली, हे विचारायचं राहून जातं."

मागून एका मुलानं विचारलं, "मग घरात पण हेच चालतं का, सर?" सर उत्तर देऊ लागले. दुसऱ्यानं दवाखान्याचं विचारलं, तिसरीनं वर्गातल्या मागच्या बाकाचं. प्रत्येक प्रश्न सरांना आपल्या सगळ्या टिपणांपेक्षा चांगला वाटत होता. प्रस्तावना कधी संपली, त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

तेवढ्यात प्राचार्य जिना उतरले. रिकामा वर्ग पाहून त्यांचा पारा चढला होता. ते तरातरा थेट पुढं निघाले.

आत्यांनी हात आडवा घातला. "ओ, मागून या."

"मी प्राचार्य आहे!"

"असाल की. आणि मी सकाळपासून उभी आहे."

प्राचार्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळी रांग त्यांच्याकडं बघत होती. कुणी रागावलं नव्हतं, ते मागं कधी जातात याचीच सगळे वाट बघत होते. प्राचार्यांनी सदरा नीट केला आणि ते शेवटी जाऊन उभे राहिले. शेवट दाखवणाऱ्या मुलानं त्यांना शेवट दाखवला. सरांनी आत्यांकडं अशा आदरानं पाहिलं, जसं ते एरवी फक्त जाडजूड ग्रंथांकडं पाहत.

रांगेच्या शेवटाकडून मग एक नवा आवाज आला. प्रवेशाच्या दिवसांपुरता नेमलेला कारकून फॉर्मचा गठ्ठा काखेत मारून बाहेर आला होता. "काय कॉलेज आहे! सकाळपासून वर बसलोय, एक माणूस फिरकला नाही." त्यानं समोरच्या पाठीला विचारलं, "कसली रांग हो ही?"

"फॉर्मची," प्राचार्य न वळता म्हणाले.

"फॉर्म तर माझ्याकडं आहेत!"

ही बातमी एकेका कानातून पुढं सरकत गेली. ड्रायव्हरकाका आपल्या जागी परतले होते, तिचा अर्थ सर्वांत आधी त्यांच्या ध्यानात आला. "आता शेवट तोच पहिला!" ते आनंदानं ओरडले. "रांग फिरवा!"

सगळ्यांनी आत्यांकडं पाहिलं. सकाळपासूनचा त्यांचा दुसरा नंबर आता शेवटून दुसरा होणार होता. त्यांनी एकदा बंद खिडकीकडं पाहिलं, एकदा त्या लांबलचक रांगेकडं.

"म्हणजे इथं खरंच काही नव्हतं?" त्यांनी सरांना हळूच विचारलं.

"नव्हतं."

"मग हे सगळं आपणच केलं?"

"तुम्हीच केलंत," सर म्हणाले. "काही नसताना."

आत्यांच्या चेहऱ्यावर रागाऐवजी भलतंच समाधान पसरलं. "रांग म्हणजे रांग!" त्यांनी हुकूम सोडला. "फिरा सगळे मागं. ढकलाढकली नको!" आणि एवढी मोठी रांग जागच्या जागी वळली.

प्राचार्य बाजूला झाले. कारकून दारासमोरच्या पायरीवर बसून एकेकाला विषय विचारू लागला. सर आता सगळ्यांच्या शेवटी होते. एवढ्या लांबून उत्तरं ऐकू येत नव्हती, आणि न ऐकताच सरांना ती कळत होती: समाजशास्त्र सोडून काहीही. व्याख्या सांगायची राहिलीच. संघर्षवाद फार थोडक्यात उरकला. आणि कट्ट्यावर चढायची काय गरज होती? परीक्षा विभागात खिडकीजवळचं टेबल मिळालं तर बरं, असं ते स्वतःला समजावू लागले. रांग सरकत राहिली. शेवटी भाची तिचा फॉर्म घेऊन बाजूला झाली. तिनं विषय कुठला सांगितला, ते विचारांत गढलेल्या सरांनी ऐकलं नाही; त्यावर आत्या काही बोलल्या नाहीत, हेच त्यांना विशेष वाटलं.

"विषय?" कारकुनानं मान वर न करताच विचारलं.

हा प्रश्न सरांना जन्मभर अनेकांनी विचारला होता. सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "समाजशास्त्र."

"संपलं."

"काय संपलं?"

"जागा संपल्या. आत्ताच ती मुलगी गेली ना, तिला शेवटची दिली. दुसरं काहीतरी घ्या."

सर पुढं वाकले. "पुन्हा एकदा सांगता का?"

"अहो, समाजशास्त्र भरलं!" कारकुनानं आवाज चढवला. "एकसुद्धा जागा नाही. एवढी हौस होती तर रांगेत जरा आधी यायचं!"

"खरंय," सर म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. "यायला जरा उशीरच झाला."